बोलायची गाडी

गॅरेज बंद करून बरीच वर्षं झाली, तरी लोक अजून रस्त्यात अडवून विचारतात, "मिस्त्री, नवी गाडी घ्यायचीय. डिझेल घेऊ का पेट्रोल?" अशा माणसाला रोजचं फिरणं किती, घाट किती, माल भरणार का माणसं, हे विचारायची रीत आहे. मी त्यातलं काही विचारत नाही. मी म्हणतो, "शेजारच्या सीटवर कोण बसणार? आणि त्यांच्याशी तुमचं बोलणं आहे का?" माणूस हसतो आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जातो. म्हातारपणी मिस्त्रीचा एखादा नट सैल झाला असावा, असं त्याला वाटत असणार. वाटू दे. मला हा प्रश्न कुणी शिकवला ते आज लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

माझं गॅरेज रहिमतपूरला, रेल्वे फाटकाच्या अगदी अलीकडे. फौजेत असताना गाड्या खोलण्या-जोडण्यात उमेदीची वर्षं गेली आणि नव्वदच्या सुमारास गावाकडे येऊन मी पत्र्याची शेड टाकली. फाटकामुळेच माझा धंदा चालतो असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. फाटक पडलं की गाड्या माझ्या दारात थांबायच्या, आणि गाडी थांबली की मालकाला तिची दुखणी आठवायची. "मिस्त्री, हितनं जरा खडखड येती," म्हणत माणूस खाली उतरायचा. आगगाडी येईपर्यंत माझा चहा, त्याची खडखड आणि फाटकवाल्याच्या गप्पा असा बेत जमायचा.

कामाचा पुरावा म्हणून सांगतो, मी गाडी बघून ओळखायचो नाही, ऐकून ओळखायचो. पाठमोरा बसलो असलो तरी कोण आलं, कोणत्या सिलिंडरला दम लागलाय, कुणी इंजिन ऑइल बदलायची टाळाटाळ केलीय, सगळं कानाला कळायचं. फाटकावर दोन जाती असायच्या. पेट्रोलवाले फाटक पडायच्या आधीच चावी फिरवून इंजिन बंद करायचे, कारण थांबलेल्या गाडीत पेट्रोल जाळणं त्यांच्या जिवावर यायचं. डिझेलवाले मात्र इंजिन चालूच ठेवायचे. जुन्या डिझेल गाडीची बॅटरी थकलेली असायची, बंद केली आणि परत सुरू झाली नाही तर उतरून धक्का कोण मारणार? त्यामुळे एकीकडे पेट्रोलवाले देवळात बसल्यासारखे शांत आणि दुसरीकडे डिझेलवाले सीटवर बसल्या बसल्या थरथरतायत, असा देखावा मी रोज बघायचो.

ज्यांना इंजिनातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. पेट्रोल इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी एकत्र करतात, मग प्लग ठिणगी टाकतो आणि ते पेटतं. डिझेलला ठिणगी लागत नाही. तिथं नुसती हवा इतकी दाबतात की ती भट्टीसारखी तापते, मग त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपणहून भडकतं. एवढा दाब सोसायचा म्हणून डिझेलचं अंग जाड, वजन जास्त, आणि प्रत्येक भडक्याचा दणका बसणाऱ्याच्या दातांपर्यंत पोचतो. पेट्रोल जरा नाजूक प्रकृतीचं. प्लगच्या वायरींवर पाणी उडालं तरी रुसून बसतं. डिझेल एकदा सुरू झालं की बॅटरी काढून घेतली तरी पठ्ठ्या चालत राहतो. जुन्या गाड्यांत ते चावीनं बंदही व्हायचं नाही. त्यासाठी स्टिअरिंगजवळ एक वेगळी मूठ असायची, तिला आम्ही स्टॉपर म्हणायचो. तो बाहेर ओढला की डिझेल तुटायचं आणि इंजिन दोन गचके देऊन गप्प व्हायचं. हा स्टॉपर ध्यानात ठेवा.

डिझेलची सवय कशी लागते बघा. एका उन्हाळ्यात आमच्या पूर्वेकडच्या गावांना पाणी देणाऱ्या टँकरवर जतचा मल्लाप्पा म्हणून ड्रायव्हर होता. त्याचा स्टार्टर बिघडलेला, म्हणून तो इंजिन बंदच करत नसे. माझ्याकडे आला तोही धडधडत. मी बंद करायला सांगितलं तर म्हणाला, "मिस्त्री, बंद केलं तर मला जाग येतीय की!" हा गडी चालू इंजिनावर केबिनमध्ये झोपायचा. स्टार्टर दुरुस्त करून दिला त्या दुपारी तो माझ्या शेडमध्ये आडवा झाला आणि नुसता कूस बदलत राहिला. शेवटी मी कॉम्प्रेसर चालू केला, तेव्हा कुठे त्याचा डोळा लागला.

त्या काळात पेट्रोल परवडेनासं झालं आणि आमच्या भागात एक लाटच आली. लोक पेट्रोलची गाडी आणायचे, इंजिन काढायला लावायचे आणि मोडीत निघालेल्या एखाद्या टेम्पोचं डिझेल इंजिन तिच्यात बसवून घ्यायचे. सांगलीपासून साताऱ्यापर्यंत हे काम नीट करणारे मोजके होते आणि त्यांत माझं नाव बरं होतं. हे काम म्हणजे नुसतं काढ-घाल नव्हे. पाया मजबूत करायचा, गिअरबॉक्सशी मेळ घालायचा, पुढच्या स्प्रिंगांना वाढलेलं वजन सोसेल असं करायचं, रेडिएटर बदलायचा. लोक त्याला 'गाडीचं डिझेल करणं' म्हणायचे. "बारसं झालं का मिस्त्री?" असंही कुणी विचारायचं.

काढलेलं पेट्रोल इंजिन मालक माझ्याकडेच ठेवून जायचे. "ऱ्हाऊ द्या, नेतो कवातरी," म्हणायचे आणि विसरायचे. शेडच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली ती इंजिनं ओळीनं बसलेली असत. मला त्यांचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. कार्बोरेटर कानानं लावायचा, प्लगचा रंग बघून इंजिनाची तब्येत सांगायची, ही माझी खरी विद्या, आणि मीच माझ्या हातानं ती गोणपाटात बांधून मागे टाकत होतो. म्हणून अधूनमधून मी त्यांच्या सिलिंडरमध्ये तेल सोडायचो आणि हातानं दोन फेरे फिरवायचो, म्हणजे गंजून धरून बसायची नाहीत. बायको म्हणायची, "मेलेल्यांची सेवा चाललीय."

आता मुख्य माणसाकडे येतो. रुळांच्या पलीकडे दोन कोसांवर एक गाव आहे. तिथले माने आबा आल्याची शेती करायचे. त्यांची पांढरी अँबॅसिडर, पेट्रोलची. आबा काटकसरी, गाडी फक्त कामापुरती काढायचे. पण मंगळवारी मात्र ती निघायचीच. आबा आणि त्यांच्या बायको शालनकाकी औंधला यमाईच्या दर्शनाला जायचे. जाताना-येताना फाटक असायचंच, त्यामुळे माझी दोघांशी चांगली ओळख. काकी घरून निघताना मागच्या सीटवर बसायच्या, पदर सावरून, तोंड मिटून. गावाची शीव ओलांडली की ओढ्याजवळ गाडी थांबायची आणि काकी पुढे येऊन बसायच्या. माझ्यासमोर येईपर्यंत त्या पुढच्या सीटवर असायच्या आणि दोघांचं बोलणं रंगात आलेलं असायचं. फाटक पडलं की आबा चावी फिरवायचे. गाडी बंद, बोलणं चालू. काकी हसल्या की मला शेडमध्ये ऐकू यायचं. मला त्या जोडीचं कौतुक वाटायचं. आमच्या घरात दोन माणसांत एवढं बोलायला विषयच नव्हते.

आबांची थोरली मुलगी उज्ज्वला, घरात तिला उजू म्हणायचे. साताऱ्याला शिकलेली, हुशार, पण आवाज इतका बारीक की एकदा गॅरेजमध्ये तिनं पाणी मागितलं ते मला तिसऱ्यांदा समजलं. तिला सांगलीचं स्थळ आलं. मुलगा सज्जन, बँकेत चिकटलेला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. मुलाचे वडील पाटील, सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांचा हळदीचा व्यापार. आयुष्यभर सौद्यांत ओरडून आवाज भरदार झालेला आणि त्यात फिरायला डिझेलची जीप, त्यामुळे हळू बोलण्याचा प्रसंगच त्यांच्यावर आला नसावा. दादा मनानं मोकळे, पण ते बोलत असले की समोरच्यानं श्वास घ्यायला जागा शोधावी लागायची.

मुलगी बघायला आले तेव्हा चहा पिता पिता त्यांनी आबांची गाडी बघितली आणि डिझेलवर व्याख्यान दिलं. "आबा, पेट्रोल जाळताय? आवं, ह्या जमान्यात? माझी जीप बघा! घाट असू दे, चिखल असू दे, माघार न्हाई! डिझेल करून टाका! मर्दाची गाडी हाय ती!" होणाऱ्या व्याह्याचा शब्द आबांना पडू द्यायचा नव्हता. शिवाय काटकसरीचा मोह. पुढच्याच आठवड्यात आबा गाडी घेऊन माझ्याकडे हजर.

मी म्हटलं, "आबा, इंजिन फस्क्लास आहे तुमचं. कशाला छेडताय?"

"पाटीलदादा म्हंत्यात, डिझेलच पाह्यजे."

मी डिझेल केलं. काम चांगलं झालं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. आबांना शेजारी बसवून स्टॉपर दाखवला, काकींनाही दाखवला. काकींनी तो एकदा ओढून बघितला, इंजिन गप्प झालं आणि त्या म्हणाल्या, "हे बरं हाय." तेव्हा मला वाटलं, नवीन खेळण्याचं कौतुक आहे.

दोन मंगळवार गाडी गेली-आली. तिसऱ्या मंगळवारी आबा एकटेच. चौथ्यालाही एकटेच. मी विचारलं तर म्हणाले, "तिचं अंग दुखतं." त्याच्या पुढच्या मंगळवारी ते गाडीतून उतरून शेडमध्ये आले आणि स्टुलावर बसले. "मिस्त्री, आवाज कमी कर जरा. काय वाट्टंल ते कर."

मी कामाला लागलो. इंजिनाखाली जाड रबरं घातली. पुढच्या पत्र्याला आतून गोणपाट चिकटवलं. बॉनेटखाली लोकरीचा जाड नमदा लावला. जुन्या गादीचा कापूस पायाखाली भरला. आवाज होता तेवढाच राहिला, वर गाडीला लग्नघरातल्या अंथरुणाच्या गठ्ठ्याचा वास यायला लागला. उन्हात ती अशी तापायची की आबा औंधला पोचायचे ते घामानं निथळत. गुरवानं त्यांना विचारलं म्हणे, "आबा, पळत आलासा व्हय?"

मग एक दिवस शालनकाकी स्वतः आल्या. दळण टाकायच्या निमित्तानं बाजारात आलेल्या. शेडच्या दारात उभ्या राहिल्या आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "मिस्त्री, त्या गाडीला गोधड्या घालायचं बंद करा. ती थंडीनं आजारी न्हाई."

मी म्हटलं, "काकी, तुमचं अंग दुखतं म्हणून…"

"अंगाला काय धाड भरलीया? आवं, आमच्या घरात माणूस कमी हाय का? सासूबाई, दीर, जावा, त्यांची लेकरं. ह्यांचं माझं घरातलं बोलणं म्हंजी 'जेवण वाढलंय' आन् 'व्हय'. बाकी समदं गाडीत. उजूच्या शाळंचं गाडीत ठरलं. विहिरीचं गाडीत ठरलं. धाकट्या जावंनं मला टाकून बोललं त्ये बी म्या गाडीतच सांगितलं. आता त्या गाडीत बोलायचं तर बोंबलाय लागतंय. नवऱ्यापशी असं बोंबलून काय सांगू?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उजूचं ठरवायचं हाय, मिस्त्री. मला लय बोलायचं हाय ह्यांच्यापशी. जागाच ऱ्हायली न्हाई."

एवढ्या वर्षांत मी गाडीची ताकद, वेग, सरासरी सगळं बघितलं, पण गाडीत माणसं काय करतात हे कधी ध्यानात घेतलंच नव्हतं. काकी गेल्या तेव्हा मी मागच्या ओळीत जाऊन आबांच्या इंजिनावरचं गोणपाट उचलून बघितलं. चांगलं होतं. तेल सोडलं, दोन फेरे फिरवले. आबांशी बोलायला हवं असं ठरवलं, पण व्याह्याच्या शब्दापुढे मिस्त्रीचं काय चालणार, असं वाटून गप्प बसलो.

आणि तो मंगळवार आला. त्या दिवशी पाटीलदादा सांगलीहून आबांकडे शब्द पक्का करायला येणार होते. संध्याकाळी सुपारी फुटायची. त्याआधी काकींशी बोलायलाच हवं म्हणून आबांनी त्यांना कसंबसं राजी केलं आणि दोघं सकाळी औंधला गेले. परत येताना फाटक पडलेलं. एक मालगाडी रुळांवर अडकून उभी राहिली होती, ती हलेचना. इकडे गाड्यांची रांग लागली. इतका वेळ झाला की डिझेलवाल्यांनीही शेवटी एकेक करून इंजिनं बंद केली. रस्त्यात हात करील त्याला कोंबून नेणारी वडाप जीप होती, तिच्या टपावरची माणसंसुद्धा खाली उतरून उसाच्या गाडीच्या सावलीला बसली.

पाटीलदादा आधीच येऊन पोचले होते. फाटक लवकर उघडत नाही बघून त्यांनी जीप माझ्या दारात लावली, फॅनचा पट्टा जरा ताणून द्यायला सांगितला आणि शेडमध्ये बसून मला चहाबरोबर डिझेलचे फायदे सांगत होते. मी "व्हय व्हय" करत होतो. एवढ्यात आबांची गाडी धडधडत आली आणि रांगेत, माझ्या शेडपासून चार हातांवर थांबली. आबांची बॅटरी त्या आठवड्यात उतरलेली. त्यांनी इंजिन बंद केलं नाही.

गाडीत दोघं एकमेकांकडे तोंड करून बोलत होते. म्हणजे ओरडत होते. इंजिनाच्या धडधडीत आम्हाला शब्द कळत नव्हते, नुसते हातवारे दिसत होते. आबा काहीतरी जोरानं सांगतायत, काकी कानाला हात लावून "काय?" विचारतायत. आबा पुन्हा सांगतायत. काकी पुन्हा "काय?" मग काकी वैतागल्या. त्यांनी हात लांब केला, स्टॉपर धरला आणि ओढला.

इंजिन दोन गचके देऊन गप्प झालं. पण आबा गप्प झाले नाहीत. औंधपासून ओरडतच आलेला, गडी त्याच पट्टीत होता. फाटकावर टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता आणि तिच्यात आबांचा आवाज:

"…त्यो पाटील म्हंजी निस्तं डिझेल इंजिन हाय गं! एकदा सुरू झाला की बंद म्हणून व्हायचा न्हाई! सोता बोलतोय, सोताच ऐकतोय! पोरगा सोन्यासारखा हाय, त्याला न्हाई कोण म्हंतंय! पर आपली उजू तोंडातल्या तोंडात बोलती! त्या घरात तिचं कोण ऐकणार? त्या बडबडीत पोरगी मुकी होऊन जाईल गं माझी!"

शेवटच्या वाक्याला आबांचा आवाज फाटला. मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हळूच मान वळवली. उसाच्या सावलीतली माणसं त्यांच्याकडे बघत होती. फाटकवाला बघत होता. सायकलवाले बघत होते. आणि शेडच्या दारात हातात कप धरून पाटीलदादा उभे होते.

मी मनात म्हटलं, लग्न मोडलं, आणि तेही माझ्या दारात, मी बसवलेल्या स्टॉपरनं. मालगाडीनं तेवढ्यात शिट्टी दिली आणि ती हलली. फाटक वर जायला लागलं. पुढच्या गाड्या सुरू झाल्या. आबांनी घाईघाईनं स्टॉपर आत ढकलला, स्टार्टर दाबला. बॅटरीनं "कुर्र" केलं आणि जीव सोडला. आबा पुन्हा पुन्हा दाबतायत, मागून हॉर्न वाजतायत, काकींनी पदरात तोंड लपवलंय.

पाटीलदादांनी कप स्टुलावर ठेवला. एवढा वेळ त्यांना गप्प बघितल्याचं मला आठवत नाही. ते चालत गाडीच्या मागे गेले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि डिकीला खांदा लावला. मी धावलो, सावलीतली माणसं धावली. आबा आरशात बघत होते आणि त्यांना आरशात होणारे व्याही दिसत होते, घामाघूम.

"आबा," दादा म्हणाले, आणि तेही हळू आवाजात, "दुसरा गिअर टाका."

गाडी धडधडत रूळ ओलांडून गेली. दादांनी हात झटकले, जीपमध्ये बसले आणि आबांच्या गावाकडे न जाता उलट वळून सांगलीच्या रस्त्याला लागले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. रहिमतपूरच्या बाजारात "डिझेल इंजिन" हा शब्द निघाला की लोक हसायचे. आबा घराबाहेर पडेनात. काकींचा निरोप आला की उजू जेवत नाही. तिनं कुणाला दोष दिला नाही, तसा तिचा आवाजच नव्हता. मला सारखं वाटायचं, पेट्रोल असतं तर हे सगळं दोघांच्या दोघांत राहिलं असतं.

आणि मग एका सकाळी दारात जीप थांबली. दादा उतरले, स्टुलावर बसले. मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

"मिस्त्री," ते म्हणाले, "त्या दिवशी घरला गेलो. बायकुला म्हणलं, खरं सांग, मी तुझं ऐकत न्हाई व्हय? तर ती काय म्हणाली ठावं हाय? म्हणाली, हे तुमी आज पयल्यांदा इचारलंत." त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्याले नाहीत. "रातभर बसून बोलत हुती मग. लय साठलं हुतं तिचं. मला वाटायचं, तिला बोलायलाच आवडत न्हाई."

मी पट्टा ताणून द्यायचा राहिला होता तो विषय काढला. त्यांनी हातानं तो बाजूला सारला.

"आबांचं जुनं इंजिन हाय का तुझ्याकडं?"

"हाय."

"चालंल?"

"उद्या सुरू करून दाखवतो."

"मग त्यांच्या गाडीतलं हे काढ आन् पेट्रोल बसव. पोरीची पाठवणी त्याच गाडीतनं. माझ्या जीपमधनं मी तिला न्हेणार न्हाई." मग म्हणाले, "पर पयलं मला आबांकडं जायला पाह्यजे. तू चल संगं. मी जादा बोलाय लागलो तर कोपर मार."

मी गेलो बरोबर. आबा दारात उभे राहिले, हात जोडले. दादांनी त्यांचे हात धरले. "आबा, खोटं काय बोलला न्हाईसा तुमी. पोरगी द्या. तिचं मी ऐकीन, तिच्या सासूचं बी ऐकाय लागलोय." उजू आतल्या दारात उभी होती, तिनं पदराच्या टोकानं डोळे टिपलेले मला दिसले. काकी आबांकडे बघून म्हणाल्या, "व्हय म्हणा की." ते सगळ्यांना ऐकू आलं. मला एकदाही कोपर मारावं लागलं नाही.

उभ्या आयुष्यात मी कितीतरी गाड्यांचं पेट्रोल काढून डिझेल केलं. डिझेल काढून पेट्रोल बसवलं ते हे एकच. त्या कामाला मी जेवढा जीव लावला तेवढा दुसऱ्या कशाला लावला नाही. कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, प्लग नवे. गोणपाट, नमदा, कापूस सगळं उपसून टाकलं. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं आणि मी बॉनेटवर पाण्यानं भरलेला पेला ठेवून बघितला. पाणी नुसतं थरकलं, सांडलं नाही. बायको बघायला आली होती. दुपारी जेवताना तिनं वाढीव भाकरी टाकली.

लग्न आबांच्या दारात झालं. पाठवणीच्या वेळी मी रूळ ओलांडून फाटकाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, कारण गाडी तिथूनच येणार होती आणि तिचा आवाज मला ऐकायचा होता. आली. पुढे हार घातलेली पांढरी गाडी, मागे वऱ्हाडाच्या जीपा. गाडी खुद्द दादा चालवत होते. मागच्या सीटवर मुलगा आणि उजू, रडून डोळे सुजलेले. आणि नेमकं फाटक पडलं.

दादांनी चावी फिरवली. इंजिन गप्प. मागच्या जीपा धडधडत होत्या, त्यांना दादांनी खिडकीतून हात काढून खूण केली. एकेक करून त्याही बंद झाल्या. सगळीकडे शांतता झाली. रुळांवरून गाडी यायची होती, दादा समोर बघत बसले होते, आणि त्यांच्या लक्षात आलं नाही की फाटकाकडच्या उतारावर गाडी हळूहळू पुढे सरकतेय. मला दिसत होतं. मी ओरडणार, एवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला. बारीक, तोंडातल्या तोंडात, पण मला फाटकाच्या खांबाशी स्वच्छ ऐकू आला.

"मामंजी, हँडब्रेक लावा. गाडी सरकतीया."

दादांनी खाडकन हँडब्रेक ओढला. मग पूर्ण मागे वळून सुनेकडे बघितलं. मला वाटलं आता सौद्यातला आवाज निघणार.

"लावला गं बाळ," ते म्हणाले. "आजून काय सांगायचं असंल तर सांग. फाटक उघडाय येळ हाय."